डॅकवाला

डॅकवाल्याच्या घरी गाणं सुरू व्हायला वीस मिनिटं लागतात. आधी यंत्र तापावं लागतं. मग पंखा बंद. मग फ्रिज बंद, कारण फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की म्हणे विजेत घाण येते. मग वाय-फायचा राउटर बंद, आणि त्याच क्षणी आतल्या खोलीतून मुलीचा आवाज, "बाबा, माझी मीटिंग चालू आहे!" राउटर पुन्हा सुरू. मग तुम्हाला सोफ्याच्या बरोब्बर मध्यावर बसवलं जातं. जरा डावीकडे सरकलात तर, "तिकडे नको, तिकडे इमेजिंग बिघडतं." मग तो संगणकापाशी जातो, विंडोजचा मिक्सर मध्ये येऊ नये म्हणून ‘एक्स्क्लुझिव्ह मोड’ लावतो, यंत्रावरचा दिवा निळ्याचा जांभळा होतो आणि तो डोळे मिटतो. खोलीत शांतता पसरते. तेवढ्यात खाली एक टेम्पो रिव्हर्स घेतो आणि त्याची धून आपण सगळे अगदी स्वच्छ ऐकतो.

हा प्राणी साधारण पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे आढळतो. फ्लॅटचे हप्ते फिटलेले, मुलांची शिक्षणं उरकत आलेली, नोकरी बहुधा संगणकाची. पूर्वी अशा वयात माणसं गुडघ्यांकडे लक्ष द्यायची किंवा ट्रेकला जायची. हा कानांकडे वळलेला असतो. कोथरूडमध्ये तो आहे, ठाण्यात आहे, डोंबिवलीत तर एकाच इमारतीत दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत, कारण त्यांचं यूएसबी केबलवरून बिनसलं आहे.

डॅक म्हणजे काय, हे तो तुम्हाला सांगेलच. त्याच्याआधी मी सांगून टाकतो, म्हणजे तुमचा पाऊण तास वाचेल. संगणकात गाणं नसतं, आकडे असतात. सीडीच्या दर्जाच्या गाण्यात आवाजाच्या लहरीची उंची सेकंदाला 44,100 वेळा मोजून ठेवलेली असते, डाव्या कानासाठी वेगळी आणि उजव्यासाठी वेगळी. या आकड्यांचे पुन्हा विजेचे चढउतार करून देणारी वस्तू म्हणजे डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर, म्हणजेच डॅक. तो तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे, फोनमध्ये आहे, टीव्हीतही आहे. डॅकवाल्याचं म्हणणं एवढंच, की आतला डॅक हा डॅकच नव्हे. डॅक बाहेर हवा. त्याला स्वतःची पेटी हवी, स्वतःचा वीजपुरवठा हवा आणि शक्य असेल तर स्वतःची खोली हवी.

पहिल्या डॅकच्या बाबतीत तो बरोबर होता, हे मान्य केलंच पाहिजे. लॉकडाऊनमध्ये घरून काम करताना त्याच्या जुन्या संगणकाच्या हेडफोनच्या भोकातून सतत एक बारीक सुस्कारा यायचा. माउस हलवला की चिर्र, मोठी फाइल उघडली की कुंई. यात गूढ काही नव्हतं. संगणकाच्या पेटीत प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, पॉवर सप्लाय यांचा विजेचा गोंगाट चालू असतो आणि स्वस्तात उरकलेल्या बोर्डावर तो आवाजाच्या वाटेत शिरतो. यूएसबीनं आकडे बाहेर काढून त्या गोंगाटापासून दूर त्यांचा आवाज केला, तर बहुतेक वेळा हा त्रास थांबतो. त्याचाही थांबला. दोन-अडीच हजारांची, काडेपेटीएवढी वस्तू. त्यानं मला फोन करून पाच मिनिटं नुसती शांतता ऐकवली. मीही अभिनंदन केलं.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आजार गेला आणि औषध तेवढं चालू राहिलं.

"पडदा उठला रे!" हे त्याचं दुसऱ्या डॅकच्या वेळचं वाक्य. त्याच्या म्हणण्याप्रमाणे आजवर गायक आणि त्याच्यामध्ये एक पडदा होता, तो आता उठला. तिसऱ्या डॅकच्या वेळी आणखी एक पडदा उठला. मग चौथा. जुन्या संगीत नाटकांत रंगवलेले पडदे एकामागून एक वर जायचे, राजवाडा जाऊन अरण्य यायचं, अरण्य जाऊन नदीकाठ यायचा. पण तिथं निदान प्रत्येक पडद्यानंतर देखावा बदलायचा. इथं दर वेळी मारव्याचा तोच अर्धा तास, आणि दर वेळी डॅकवाल्याच्या डोळ्यांत पाणी.

तो ऐकतो काय, हाही एक प्रश्नच आहे. तानपुऱ्याची जवारी ऐकतो. पेटीच्या भात्यातून सुटणारी हवा ऐकतो. मैफलीचं ध्वनिमुद्रण असेल तर तिसऱ्या रांगेतला खोकला ऐकतो, आणि तो खोकला मध्याच्या किंचित उजवीकडून आला पाहिजे, हे तुम्हालाही ऐकायला लावतो. "ऐकलास? ऐकलास? पहिल्या डॅकवर हा माणूस खोकतच नव्हता!" या धांदलीत गवई समेवर येऊन गेलेला असतो. एकदा मी सहज विचारलं, "हा शुद्ध सारंग ना?" तो म्हणाला, "नाही नाही, हे 24 बिट, 192 आहे."

चिपांच्या घराण्यांत मात्र तो पक्का आहे. अमेरिकेच्या ईएसएसची ‘सेबर’ चिप कोरडी, काटेकोर, हिशेबी. जपानच्या एकेएमची चिप ऊबदार, मिंडेची. खुद्द कंपनी जाहिरातीत तिला मखमली आवाज म्हणते, त्यामुळे याला मखमल ऐकू येणं क्रमप्राप्तच होतं. ऑक्टोबर 2020 मध्ये जपानमध्ये नोबेओका इथला एकेएमचा कारखाना आगीत जळाला. सारं जग साथीच्या आकड्यांकडे बघत होतं आणि हा सकाळी मास्क लावून माझ्या दारात उभा. चेहरा असा, की मी आधी घरच्या सगळ्यांची चौकशी केली. "कारखाना गेला रे," एवढंच म्हणाला. त्या आठवड्यात त्यानं मखमलीचे उरलेले दोन डॅक मिळेल त्या किमतीला उचलले. "पुन्हा मिळायचे नाहीत." ती चिप मधल्या काळात पुन्हा मिळू लागली आहे, पण हे त्याला सांगण्यात अर्थ नाही. आता तो म्हणतो, आगीपूर्वीची गोष्ट वेगळी होती.

आकड्यांचं वेड हे त्याचं दुसरं लक्षण. सीडीचे 16 बिट म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजात 96 डेसिबलचं अंतर. 24 बिट म्हणजे कागदोपत्री 144. आता पुण्यातल्या कुठल्याही बेडरूममध्ये मध्यरात्रीसुद्धा तीसेक डेसिबलचा आवाज असतोच. त्याच्यावर 144 चढवायचे झाले तर 174 होतात, आणि 120 ला माणसाचे कान दुखायला लागतात. म्हणजे हे 24 बिट पुरते ऐकायचे असतील तर आधी बहिरं व्हायची तयारी हवी. तीच तऱ्हा 192 किलोहर्ट्झची. त्यात 96 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज साठवता येतो. तरुण माणसाला फार तर 20 पर्यंत ऐकू येतं; पन्नाशीत बहुतेकांची मजल बारा-चौदाशी थांबते. सोसायटीतल्या कुत्र्यालाही हे झेपायचं नाही. वरच्या पट्टीतलं ते संगीत रात्री किडे टिपायला निघालेल्या एखाद्या वटवाघळाला लागू पडेल, पण त्याला मारव्याची आवड असेल असं वाटत नाही.

तरीही अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्या त्याच्याकडे 24 बिट, 192 मध्येच आहेत. खाँसाहेब 1937 मध्ये गेले. त्या काळच्या तबकडीत सात-आठ हजार हर्ट्झच्या वर खरखरीशिवाय फारसं काही नसे. ती खरखर मात्र आता अपूर्व ऐकू येते. भास्करबुवा बखल्यांचं ध्वनिमुद्रण मागे राहिलं नाही, याची हळहळ सगळ्या महाराष्ट्राला आहे. त्याला ती जरा जास्त आहे, कारण तेवढ्यासाठी त्यानं एक डॅक नक्की घेतला असता.

सवाई गंधर्वला तो दर वर्षी जातो आणि दर वर्षी हिरमुसून परत येतो. प्रत्यक्ष गाण्यात म्हणे खोली नसते. "स्टेज फार पसरट वाटलं." अरे, तिथं खरंच स्टेज होतं! आजकाल मोठ्या मंडपांतला आवाज डिजिटल मिक्सरमधूनच जातो, म्हणजे गवयाच्या गळ्यातून निघालेल्या सुराचे आधी आकडे होतात आणि मग पुन्हा सूर, हे मी त्याला सांगायला नको होतं. पुढचे दोन दिवस तो गाणं सोडून मांडवामागे त्यांचा डॅक कोणता, हे विचारत हिंडत होता.

पैशांचा व्यवहार नाजूक असतो. मोठी यंत्रं न्यू जर्सीच्या भाच्याच्या बॅगेतून येतात. पूर्वी त्या बॅगेत चॉकलेटं आणि बदाम असायचे, आता मोज्यांत गुंडाळलेली पेटी असते. किंमत सांगताना एक शून्य खायचं, हे मित्रमंडळींना आधीच बजावलेलं असतं. वहिनी चहा ठेवतात आणि सरळ माझ्याकडे बघून विचारतात, "भावोजी, हे खरंच साडेचार हजारांचं आहे का हो?" मी चहात बघतो. त्यांना सगळं ठाऊक आहे. माळ्यावर आकाशकंदिलाची जागा रिकाम्या खोक्यांनी घेतली आहे आणि ती खोकी टाकायची नाहीत, कारण विकताना खोकं असेल तर भाव बरा येतो. विकल्याचं मात्र अजून कुणी पाहिलेलं नाही.

गेल्या दिवाळीत मुलीनं त्याची परीक्षा घेतली. मुलगी इंजिनिअर, म्हणजे घरातलाच शत्रू. एका बाजूला मोठा डॅक, दुसऱ्या बाजूला फोनला लावायची हजारभर रुपयांची शेपटी. आवाज किंचित मोठा असला की तो मोठा न वाटता नुसता चांगला वाटतो, ही दुकानदारांची जुनी युक्ती तिला ठाऊक होती. म्हणून तिनं मल्टिमीटर लावून दोन्हींचं व्होल्टेज सारखं केलं, बाबांना भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि कधी हा, कधी तो, असं वाजवत राहिली. निम्मी उत्तरं बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी तेवढीच आली असती. 2007 मध्ये बोस्टनकडच्या मेयर आणि मोरान या दोघांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात अशाच एका प्रयोगाचा निकाल छापला होता. भारी रेकॉर्डिंग आणि त्याचंच सीडीच्या दर्जाला उतरवलेलं रूप यांत 554 वेळा ओळख परेड झाली आणि बरोबर उत्तरं आली 276. डॅकवाल्यानं दोन्ही निकाल एकाच वाक्यात उडवून लावले. बोस्टनवाल्यांची सिस्टिम रिव्हीलिंग नव्हती आणि आपल्याकडे त्या दिवशी व्होल्टेज कमी होतं. शिवाय भिंतीकडे तोंड केल्यावर गाणं कुणाला ऐकू येतं?

एवढं असूनही माणूस लाखाचा. शेजारच्या आजींकडे त्यांच्या गेलेल्या यजमानांची एक कॅसेट होती. गणेशोत्सवात त्यांनी म्हटलेली दोन नाट्यपदं. फीत चिकटलेली, आवाज बुळबुळीत. यानं बुधवार पेठेतून जुना डेक मिळवला, हेड साफ केलं, बारीक स्क्रू-ड्रायव्हरनं त्याचा कोन जुळवला, रात्री जागून एकेक ओळ सोडवली आणि पेन ड्राइव्हवर भरून आजींना दिली. पैसे घेतले नाहीत. आठवड्यानं आम्ही दोघं गेलो, तर नातवानं त्याची एमपी3 करून आजींच्या फोनवर टाकली होती आणि फोन स्टीलच्या पातेल्यात उभा केला होता, म्हणजे आवाज मोठा येतो. पातेल्यातून आजोबा गात होते. डॅकवाल्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. आजींनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "अगदी समोर बसलेत असं वाटतं रे."

जिन्यात तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पातेलं कुठल्या मेकचं होतं, पाहिलंस का?"

तर वाचकहो, तुमच्या संगणकाच्या हेडफोनमध्ये खरखर, चिर्र, कुंई होत असेल, तर बाहेरचा डॅक जरूर घ्या. हजार-दोन हजारांत काम होतं. होत नसेल, तर पैसे बरे हेडफोन किंवा स्पीकर घेण्यात घाला, कारण आवाजात कानाला कळण्याजोगा फरक तिथंच पडतो. फक्त कोणता डॅक घेऊ, हे त्याला विचारू नका.