करतच होतो, सर!

प्रत्येक वर्गात असा एक असतोच. प्रार्थनेला पुढून पाहिलं तर शर्ट खोचलेला, मागून पाहिलं तर झेंडा. आमच्या वर्गात हे पद भाऊकडे होतं. पीटीचे सर ओळीमागून चालत येत आणि त्याच्या पाठीशी थांबून एवढंच म्हणत, "इन." भाऊचं उत्तर ठरलेलं, "करतच होतो, सर!"

नियम मोडायचा म्हणून त्यानं कधी मोडला नाही, हे मी शपथेवर सांगेन. गणवेश त्याच्या अंगावर टिकतच नसे. पांढऱ्या शर्टाचा खिसा दुसऱ्या तासाला शाईनं निळा होई, मधल्या सुट्टीत बाहीवर चिंच येई. खाकी हाफ पँट पाचवीत 'वाढत्या अंगाची' शिवलेली, त्यामुळे तेव्हा ती गुडघ्याखाली होती. सातवीत कुठे होती ते न सांगितलेलं बरं. पट्टा बहुधा हरवलेला असे. मग पँटची वरची कड करगोट्याखाली दुमडायची आणि धावायचं. कबड्डीत हा बंदोबस्त कितपत टिकतो, हे सगळ्या शाळेनं पाहिलेलं आहे.

शनिवारी सकाळची शाळा, पांढरे कॅनव्हासचे बूट. ते रंगवायला भाऊ फळ्याजवळचा खडू ओला करून घासत असे. एका शनिवारी डब्यात फक्त गुलाबी खडू उरले होते. सरांनी बुटांकडे पाहिलं, मग भाऊकडे. भाऊ म्हणाला, "सर, धुतल्यावर पांढरेच आहेत." डायरीत शेरा, खाली पालकांची सही. ही सही भाऊ स्वतःच करी. दहावीपर्यंत ती आईच्या सहीपेक्षा सुबक झाली होती.

आता हाच माणूस रोज सकाळी मुलीच्या रिबिनींना इस्त्री करतो. बुटाला पॉलिश नसेल तर रिक्षावाल्या काकांना थांबवून ठेवतो. तरी जुनी बाजू सोडलेली नाही. २०२४ साली सरकारनं सरकारी शाळांना राज्यभर एकच गणवेश दिला, आकाशी शर्ट आणि गडद निळी पँट. मापं चुकल्याच्या बातम्या आल्या, तशी भाऊनं कात्रणं जमवायला घेतली. डिसेंबरात गणवेशाचा अधिकार परत शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेला, त्या दिवशी त्यानं आम्हा सगळ्यांना फोन केले. "सरकारचंही इन होत नाही रे!"

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात भाऊ एक कागद घेऊनच उभा राहिला. सर पहिल्या रांगेत, हातात काठी. त्यानं सरांची जाहीर माफी मागितली. शर्टाबद्दल मागितली, पण शर्ट आखूड होता. पट्ट्याबद्दल मागितली, पण पट्टा धाकट्या भावाचाही होता. गुलाबी बुटांचा दोष त्यानं शाळेच्या खडूखरेदीवर टाकला. माफी अशी पंधरा मिनिटं चालली, आणि तिच्यात अपराध एकही सापडला नाही. हात हलवत बोलण्याच्या भरात शर्ट मात्र मागून सुटला होता.

सर उठले, काठी टेकत त्याच्या मागे गेले. "इन."

"करतच होतो, सर!"

"आणि ही माफी डायरीत लिहून आण," सर म्हणाले. "खाली आईची सही. या वेळी तिच्याच हातची."