एका वर्षाने हुकलेले काका

बे एरियातल्या प्रत्येक मराठी कंपूत एक काका असे असतातच, ज्यांना ‘कसे आहात?’ विचारलं की ते गाडीची तब्येत सांगतात. ‘काय काका, बरंय ना?’ ‘छे रे, सकाळी जरा रिच चालत होती.’ आपण ‘अरेरे’ म्हणायचं आणि ताटाकडे बघायचं. ‘रिच म्हणजे काय?’ असं चुकूनही विचारायचं नाही. विचारलंत की जेवण थंड झालंच म्हणून समजा.

आमचे काका सनीव्हेलला असतात. सेमीकंडक्टर कंपनीतून रिटायर झाले, मुलं मार्गी लागली, गुडघे अजून शाबूत आहेत, आणि गराजमध्ये 1976 सालची डॅटसन 280झेड आहे. लांबलचक नाक, आखूड पाठ, दोनच सीटा, एका रांगेत सहा सिलिंडर. जपानात ही गाडी ‘फेअरलेडी झेड’ म्हणून विकली जायची. पहिलं मॉडेल अमेरिकेत आलं तेव्हा इथल्या निसानचे प्रमुख युताका काटायामा यांनी ते नाव उतरवून 240झेडचे बिल्ले लावले, ही कथा नवीन पाहुण्याला चहा येण्याआधी ऐकावी लागते. वर काका म्हणतात, ‘पुरुषमाणसाने फेअरलेडी काय चालवायची!’ त्यावर स्वयंपाकघरातून आवाज येतो, ‘पुसायला मात्र रोज लागते.’

गराज तसं दोन गाड्यांचं आहे. एका बाजूला झेड, दुसऱ्या बाजूला झेडचे सुटे भाग. काकूंची इलेक्ट्रिक गाडी बाहेर उन्हात उभी असते.

काकांचं दुःख समजून घ्यायचं तर कॅलिफोर्नियाचा कायदा थोडा माहीत हवा. इथे गाडीचं रजिस्ट्रेशन चालू ठेवायचं तर दर दोन वर्षांनी ‘स्मॉग चेक’, म्हणजे धुराची तपासणी, पास करावा लागतो. अगदी नव्या गाड्यांना काही वर्षं सूट असते आणि म्हाताऱ्या गाड्यांना कायमची माफी. म्हातारी म्हणजे 1975 किंवा त्याआधीच्या मॉडेलची. आणि 280झेड बाजारात आली 1975 सालीच! म्हणजे पंचाहत्तरची 280झेड सुटली आणि जवळजवळ तशीच असलेली शहात्तरची अडकली. पूर्वी नियम वेगळा होता, गाडी तीस वर्षांची झाली की आपोआप सुटायची. काका 2006 सालाकडे डोळे लावून बसले होते. 2004 साली कायदा बदलला आणि काटा पंचाहत्तरवर थांबवला तो थांबवलाच. त्यावर सही करणारे गव्हर्नर पूर्वी सिनेमात हाणामारी करायचे. तेव्हापासून काकांच्या घरी हाणामारीचे सिनेमे बंद आहेत.

त्यांच्या ओळखीचे एक पंचाहत्तरवाले गृहस्थ आहेत, सॅन होजेचे. हे गृहस्थ बॉनेट उघडत नाहीत, तेल कधी बदललं ते त्यांना आठवत नाही, आणि निळा धूर सोडत मजेत येतात. काका त्यांच्याशी हसून बोलतात. पण चहा देताना काकूंना सांगतात, ‘तो टवका उडालेला कप काढ.’

दुसरं वैर अननसाशी. मंडळाच्या गणपतीत प्रसादाला अननसाचा शिरा असला की काका द्रोण हातात घेऊन म्हणतात, ‘या अननसाने माझं वाटोळं केलं.’ नवखा माणूस डायबेटीसची चौकशी करतो. खरी हकीकत अशी की कॅलटेकमध्ये आरी हागेन-स्मिट नावाचे डच रसायनशास्त्रज्ञ होते आणि ते अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते. लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा डोळे चुरचुरायला लावणारा धुरकट थर पसरायचा. 1943 च्या जुलैत तर लोकांना वाटलं, जपान्यांनी विषारी वायू सोडला. अननस बाजूला ठेवून हागेन-स्मिट यांनी तीच विद्या या हवेवर चालवली आणि 1950 च्या सुमारास दाखवून दिलं की गाड्यांच्या आणि तेल कारखान्यांच्या धुरावर ऊन पडलं की त्यातून ओझोन तयार होतो. तिथून पुढे नियम आले, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, स्मॉग चेक आला. काका हे सगळं सांगतात आणि शिरा दोनदा घेतात.

हागेन-स्मिट यांचं नाव मात्र ते आदराने घेतात. खरं तर काकांचं कायद्याशी भांडण नाहीच. हवा स्वच्छ हवी, यात त्यांना शंका नाही. ‘फक्त माझी गाडी घाण आहे असं कुणी म्हणायचं नाही,’ एवढंच त्यांचं म्हणणं. जुन्या हौशी गाड्यांचा वेगळा ‘कलेक्टर’ विमा काढून सरकारी रेफरीकडे गेलं, तर पस्तीस वर्षांपुढच्या गाडीला बॉनेटखालची तपासणी माफ होते, धूर मात्र मोजतातच. कुणीतरी हे सुचवलं तर काका म्हणाले, ‘म्हणजे ग्रेस मार्कांनी पास व्हायचं?’ बाटलीवाल्यांचाही त्यांना तितकाच तिटकारा. पेट्रोलच्या टाकीत ओतायच्या ‘नक्की पास करणाऱ्या’ बाटल्या दुकानात मिळतात. काका त्या रांगेसमोरून जाताना मान फिरवतात.

डीएमव्हीचं, म्हणजे गाड्यांच्या सरकारी खात्याचं, पाकीट आलं की घरात परीक्षेचा मोसम सुरू होतो. काका कमी बोलतात आणि बोलले तर तीनच अक्षरजोड्या: एचसी, सीओ, एनओ. एचसी म्हणजे न जळलेलं पेट्रोल, सीओ म्हणजे अर्धवट जळलेलं, आणि एनओ म्हणजे जरा जास्तच तापून जळल्याचा पुरावा. मेख अशी की मिश्रणात पेट्रोल कमी करावं तर सीओ खाली येतो आणि एनओ डोकं वर काढतो. टायमिंग मागे घ्यावं तर एनओ बसतो आणि गाडी चढावर धापा टाकते. या तिघांची समजूत काढण्यात काकांचे कितीतरी शनिवार-रविवार गेले आहेत. काकूंच्या माहेरची दोन लग्नंही गेली.

एका वर्षी सीओ काही केल्या उतरेना. प्लग नवे, हवेचा फिल्टर नवा, तेल ताजं. काकांनी दोन शनिवार इंजिनाभोवती फेऱ्या घातल्या आणि तिसऱ्या शनिवारी मला बोलावून घेतलं, टॉर्च धरायला. काकांच्या गराजमध्ये आपली नेमणूक टॉर्चवर असते, बढती नाही. थर्मोस्टॅटपाशी पाण्याचं तापमान सांगणारा एक बोटाएवढा सेन्सर आहे. त्याचा प्लग काकांनी अलगद उपसला. आतल्या दोन पितळी जिभांवर हिरवट बुरशीसारखा थर बसला होता. ‘बघ,’ काका कुजबुजले. ‘हिला वाटतंय अजून थंडीच आहे.’ गंज चढला की विजेला वाट अवघड होते, कंट्रोल युनिट समजतं इंजिन गारठलेलं आहे, आणि ते इमानेइतबारे जादा पेट्रोल ओतत राहतं. काकांनी जुन्या टूथब्रशने त्या जिभा घासल्या, फुंकर मारली, प्लग खट्‌कन बसवला आणि किल्ली फिरवली. मग एक्झॉस्टमागे उकिडवे बसून डोळे मिटले आणि हुंगलं. ‘उतरला!’ यंत्र लावायच्या आधी. काकांचं नाक हे एक वेगळंच प्रकरण आहे. मंडळाच्या कार्यक्रमाला ते वेळेवर पोचतात, पण हॉलमध्ये उशिरा येतात, कारण पार्किंगमध्ये कुणाची ना कुणाची गाडी चालू असते.

सगळं एवढं जमूनही त्या वर्षी गाडी नापास झाली. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरून. स्मॉग चेकमध्ये झाकणसुद्धा दाब देऊन तपासतात आणि काकांच्या झाकणाचं रबर कडक होऊन चिरलं होतं. काका घरी येऊन सोफ्यावर बसले. काकूंनी पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘मी कुकरची रिंग दरवर्षी बदलते. तुम्ही एवढे इंजिनियर.’ त्यानंतर त्या विषयावर घरात कुणी बोलत नाही. निदान काका असताना.

परीक्षेच्या दिवसाचं सोवळं कडक असतं. कन्व्हर्टर चांगला तापलेला हवा म्हणून काका आधी फ्रीवे 280 वर झेड पिटाळून आणतात, क्रिस्टल स्प्रिंग्जच्या तलावापर्यंत आणि परत. 280 वर 280, हा विनोद ते दर वेळी करतात आणि दर वेळी आपणच पहिले हसतात. मग थेट स्टेशन. रांग असली तरी इंजिन बंद करायचं नाही. मागचा माणूस खुणा करतो, काका हात जोडतात. ओळखीच्या टेक्निशियनला आता सवय झाली आहे. तो म्हणे झेड दिसली की आधी कॉफी पिऊन घेतो, कारण नंतर प्रश्न संपत नाहीत.

पुढे काय होतं ते ठरलेलं आहे. गाडीची मागची चाकं जमिनीतल्या रोलरवर चढवतात, पट्ट्यांनी बांधतात, धुराड्यात नळी खुपसतात. आधी ताशी पंधरा मैलांचा वेग, भार जास्त. मग पंचवीस मैल, भार कमी. ‘पन्नास-पंधरा, पंचवीस-पंचवीस’ असं काका काचेपलीकडे उभे राहून पुटपुटत असतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थ पाढे विसरले आहेत. कागद छापून बाहेर आला की इतर माणसं ‘पास’ हा शब्द शोधतात. काका आधी एनओचा आकडा बघतात, खिशातून मागच्या खेपेचा कागद काढून ताडून बघतात, आणि मग कुणीतरी विचारल्यावर म्हणतात, ‘हो, पास आहे ना.’ सर्टिफिकेटचे सरकारी सव्वाआठ डॉलर तेवढे ते आनंदाने भरतात. बाकीच्या बिलावर वाद घालतात.

एकदा दसऱ्यानंतर लगेच तपासणी आली. बॉनेटखाली बाहेरून आणून बसवलेला, धुरावर परिणाम करू शकेल असा प्रत्येक भाग सरकारमान्य असावा लागतो, त्यावर तसा ईओ नंबर हवा. टेक्निशियन नवीन होता, तरुण आणि अतिशय काटेकोर. रेडिएटरसमोर त्याला दोऱ्यात ओवलेलं लिंबू आणि सात मिरच्या सापडल्या. त्याने टॉर्च मारून सगळीकडून पाहिलं आणि अदबीने विचारलं, याचा ईओ नंबर काय? काकांनी तितक्याच अदबीने सांगितलं की हा भाग इंजिनाच्या कामात ढवळाढवळ करत नाही, फक्त बाहेरून येणारं अडवतो. पोराने थोडा विचार केला आणि फिल्टर असेल असं समजून पुढे गेला.

काकूंचे भाऊ पुण्याहून आले होते तेव्हा त्यांनाही हा सोहळा दाखवला. गोल्डन गेट राहिला तरी चालेल, पण हे बघाच. मेहुणे सगळं बघून म्हणाले, ‘भाऊजी, एवढं कशाला? आमच्याकडे पंपावरच पीयूसीवाला असतो. नळी घातली, फोटो काढला, दोन मिनिटांत कागद हातात.’ काकांनी विचारलं, ‘पेट्रोल गाडीचा एनओ मोजतात?’ मेहुणे म्हणाले, ‘ते काय असतं?’ काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढचा सबंध रस्ता मेहुण्यांना रसायनशास्त्र ऐकावं लागलं, आणि दोन सीटांच्या गाडीत उठून जायला जागा नसते.

2025 साली मात्र मोठीच आशा निर्माण झाली. जे लेनो, विनोदवीर आणि जुन्या गाड्यांचे नामांकित शौकीन, यांच्या नावाने ओळखलं जाणारं एक विधेयक आलं. पस्तीस वर्षांवरच्या, कलेक्टर विमा असलेल्या गाड्यांना पूर्ण माफी. राज्याच्या सिनेटमध्ये ते मंजूरही झालं. काकांनी सगळ्यांना फोन केले. काकूंनी गराजच्या दुसऱ्या बाजूची मापं घेतली. ऑगस्टमध्ये असेंब्लीच्या खर्चविषयक समितीत विधेयक अडलं आणि तिथेच राहिलं. मी सांत्वनाला फोन केला तर काकूंनी उचलला. म्हणाल्या, ‘जेवताना तोंड एवढंसं झालं होतं रे. आता गराजमध्ये आहेत. शीळ वाजवतायत.’

मग काका फोनवर आले. मी म्हटलं, ‘काका, वाईट झालं.’ ‘वाईटच. अन्याय आहे हा,’ ते म्हणाले, पण आवाज कुठेतरी दुसरीकडेच होता, पाना फिरत असल्यासारखा. ‘ते जाऊ दे. तुझ्या कोरोलाचा स्मॉग कधी आहे?’

‘पुढच्या महिन्यात. पण काका, माझी 2014 ची आहे. नळी वगैरे नसते, नुसती वायर जोडतात.’

‘म्हणजे कॉम्प्युटर कॉम्प्युटरला विचारणार, बरी आहेस का? आणि ती हो म्हणणार?’

‘तसंच काहीतरी.’

‘शनिवारी घेऊन ये,’ काका म्हणाले. ‘मी एकदा हुंगून बघतो.’