खुराड्याचा शेजार

कोंबड्या पाळायला फार काही लागत नाही. चार फळ्या, थोडी जाळी, वरून टाकायला गोणपाट, रोजची मूठभर कणी आणि दुसऱ्या कुणाचा हक्क नसलेली थोडी जागा. यातलं शेवटचं सोडलं तर बाकी सगळं लालबागला मिळत होतं. म्हणून आमच्या आजीनं कोंबड्या पाळल्या त्या सगळ्यांचाच हक्क असलेल्या जागेत, म्हणजे चाळीमागच्या घरगल्लीत. साहजिकच तिला कोंबड्यांच्या आधी शेजारी पाळावे लागले.

निम्मी चाळ मालवण-कणकवलीकडची. मे महिन्यात गावाला जायचं आणि येताना फणस, कोकमं, कुळथाचं पीठ यांच्याबरोबर पाय बांधलेली एखादी तलंग पिशवीतून आणायची, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पिशवीच्या तोंडातून फक्त मान बाहेर आणि एसटीभर सगळ्यांकडे संशयानं बघणं चाललेलं. अशा तीन-चार तलंगा आणि एक कोंबडा एवढा आजीचा संसार. (आता त्या जागी टॉवर आहे. पोडियमवर कारंजं आहे, कबुतरं आहेत. कोंबडीला शिरकाव नाही.)

पहिली तक्रार कोंबड्याची. सात नंबरच्या खोलीतले मामा मिलमध्ये रात्रपाळीला. ते सकाळी घरी येऊन जरा पडायचे आणि कोंबडा नेमका तेव्हा रंगात यायचा. कोंबडा पहाटे एकदा आरवतो आणि गप्प बसतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी कोंबडा चित्रातच पाहिलेला असतो. तो आठला आरवतो, साडेनवाला आरवतो, पोस्टमन आला की आरवतो, आणि मिलचा भोंगा वाजला की त्याला उत्तर देणं आपलं कामच आहे अशा थाटात आरवतो. भोंग्याबद्दल मामांची तक्रार नव्हती, कारण भोंग्याचे पैसे मिळत.

चाळ कमिटीत विषय निघाला. कोंबड्याला आरवताना मान उंच ताणावी लागते. डोक्यावर फळी इतकी खाली ठेवायची की मान ताणताच येऊ नये, असा तोडगा कुणीतरी काढला. दुसऱ्यानं सुचवलं, टोपली उपडी घाला, अंधार झाला की त्याला सकाळ कळणारच नाही. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ही म्हण आपण सगळेच वापरतो. आमच्या चाळीनं ती प्रत्यक्ष करून पाहिली. उजाडलं ते उजाडलंच, पण झाकलेला कोंबडाही टोपलीतून वेळेवर आरवला. जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या शिममुरा आणि योशिमुरा या संशोधकांनी २०१३ मध्ये हेच प्रयोगशाळेत दाखवलं. चोवीस तास मंद उजेडात ठेवलेले कोंबडेसुद्धा ठरल्या वेळी आरवतात, कारण घड्याळ त्यांच्या आतच असतं. बाहेरचा उजेड आणि आवाज हे निव्वळ निमित्त. याच मंडळींनी २०१५ मध्ये आणखी एक गोष्ट सांगितली: चार कोंबडे एकत्र असतील तर पहाटे आधी आरवायचा मान सगळ्यांत वरच्या कोंबड्याचा, बाकीच्यांनी आपापल्या पायरीनं मागून. आजीचा एकटाच असल्यामुळे त्याला कुणाची वाट बघायची नव्हती.

मामांचा प्रश्न शेवटी आजीनंच सोडवला. आठवड्याला दोन अंडी सात नंबरला. आरवणं तेवढंच राहिलं, मामांची झोप मात्र सुधारली.

अंड्यांची ही वाटणी पुढे वाढत गेली. टायफॉइडमधून उठलेल्या मुलाला एक, बाळंतिणीला दोन, कमिटीच्या सेक्रेटरींना सणासुदीला. पहिल्या मजल्यावर एक शुद्ध शाकाहारी कुटुंब होतं. त्यांना अंडं देणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. त्यांच्या गॅलरीत मोगरा होता. कोंबडीची विष्ठा ताजी घातली तर झाड जळतं, म्हणून आजी ती राखेत मिसळून दोन-तीन महिने मुरवायची आणि डब्यातून वर पाठवायची. मोगरा असा फुलला की त्या काकी गजरा करून आजीलाच आणून द्यायच्या. गजऱ्याच्या मुळाशी काय आहे, याचा उच्चार दोन्ही बाजूंनी कटाक्षानं टाळला जाई.

कोंबड्यांचा आपापसातला कारभार याहून कडक. नवी तलंग गावाहून आली की जुन्या तिघी तिच्यावर तुटून पडत. तुऱ्यावर टोच, मानेवर टोच, दाण्यापाशी गेली की टोच. नॉर्वेच्या थोर्लेफ शेल्डेरुप-एब्बे या माणसानं लहानपणी घरच्या कोंबड्या बघता बघता वह्या भरल्या आणि १९२१ मध्ये त्यावर प्रबंधच लिहिला: कोण कुणाला टोचते हे ठरलेलं असतं, वरची खालचीला टोचते, खालची उलट टोचत नाही. कधी कधी त्रिकोणही होतो, पहिली दुसरीला, दुसरी तिसरीला आणि तिसरी पुन्हा पहिलीला. हे एब्बेसाहेबांना जितकं नवलाचं वाटलं तितकं आमच्या चाळीतल्या बायकांना वाटलं नसतं. पहाटेच्या सार्वजनिक नळावर हंड्यांची रांग अशीच लागायची, आणि नव्या भाडेकरणीचा हंडा पहिले काही महिने शेवटीच असायचा.

आजीचा उपाय साधा होता. नवी कोंबडी दिवसा सोडायची नाही. रात्री सगळ्या खुराड्यात दांडीवर बसल्या की अलगद मधे नेऊन ठेवायची. कोंबडीला अंधारात जवळजवळ काही दिसत नाही, त्यामुळे भांडण होत नाही. सकाळी जाग येते तेव्हा ही कालपासून इथंच होती अशी समजूत होते. निदान पहिला हल्ला तरी टळतो. नंतरची टोचाटोची होतेच. रक्त दिसलं तर मात्र तिला लगेच वेगळं करायचं, कारण लाल ठिपका दिसला की बाकीच्या तिथंच टोचत राहतात. आजी त्यावर हळद लावायची.

अंडी चोरून घालणं ही आमच्या पांढरीची खोड. खुराड्यात गवत, कोपरा, आडोसा, सगळी सोय असताना ती कुठंतरी नाहीशी व्हायची आणि अर्ध्या तासानं ओरडत, जगाला सांगत परत यायची. अंडं कुठं घातलं ते मात्र कुणाला सांगायची नाही. आजी हाका मारत हिंडायची, "खंय मेली गे ती?" जिन्याखाली मंडळाचं सामान असायचं, गेल्या वर्षीच्या मखराच्या कमानी, झालरी, गुंडाळलेला मखमली पडदा. एका वर्षी गणपतीच्या तयारीला कार्यकर्त्यांनी पडदा ओढून काढला तर आत अंडी, काही ताजी, काही फार जुनी. जुनं अंडं फुटलं की काय होतं याचं वर्णन इथं नको. त्या वर्षी पडदा नवा शिवला आणि वर्गणीच्या पावतीवर आजीच्या नावापुढे नेहमीच्या दुप्पट आकडा पडला.

यात दोष श्रावणाचाही होता. चाळ श्रावण पाळायची, कोंबड्या पाळायच्या नाहीत. महिनाभर अंड्याला घरात कुणी हात लावत नसे आणि अंडी येतच राहत. मग आजीनं त्यातून वाट काढली. कोंबडी अंड्यांवर बसवली की २१ दिवसांनी पिलं निघतात. नारळी पौर्णिमेला बसवली तर हिशेब बरोबर गौरी यायच्या सुमाराला लागतो. म्हणून श्रावणातली ताजी अंडी जपून ठेवायची आणि पौर्णिमेला एखादी खुडूक झालेली कोंबडी बघून तिच्या पोटाखाली सरकवायची.

खुडूक कोंबडी म्हणजे एरवी घरावरचं संकट. अंडं असो नसो, ती बसून राहते. बटाट्यावर बसते, चपलेवर बसते, नुसत्या फरशीवर बसते. हात नेला की पिसं फुलवून दुप्पट होते आणि घशातून असा आवाज काढते की हात आपोआप मागे येतो. यावर चाळीत प्रत्येकाकडे औषध. कुणी म्हणे बादलीत बुडवा, कुणी म्हणे नाकात पीस घाला, कुणी म्हणे पाय बांधून ठेवा. आजीला यातलं काही पटत नसे. पोटाखाली ऊब मिळू नये म्हणून ती कोंबडीला खाली जाळी असलेल्या आंब्याच्या पेटीत ठेवायची आणि पेटी दोन विटांवर चढवायची. खालून वारा लागला की तीन-चार दिवसांत डोकं ताळ्यावर. हा उपाय अडाणी नाही. बसायची ही ओढ प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाची असते आणि पोट गार पडलं की ते उतरतं. पोल्ट्रीतल्या पांढऱ्या लेगहॉर्नमधून निवड करत करत ही खोडच काढून टाकली आहे. म्हणून ती वर्षाला तीनशेच्या घरात अंडी घालते आणि आमची गावठी बसून राहण्यातच अर्धं वर्ष घालवते.

बसवलेली कोंबडी मात्र बघण्यासारखी. दिवसातून एकदाच उठायची, घाईघाईनं दाणे टिपायची, पाणी प्यायची, दिवसभराची साठवलेली एकच प्रचंड घाण घरगल्लीत टाकायची आणि परत. ती उठली की आजी अंडी तपासायची. कागदाची सुरळी करून अंडं तिच्या एका तोंडाशी, दुसरं तोंड डोळ्याशी, पलीकडे चाळीस वॉटचा बल्ब. आठव्या दिवशी आत लाल रेषांचं जाळं आणि मधे हलणारा काळा ठिपका. ज्यात जाळं नाही ते बाजूला. आम्हा मुलांना प्रत्येकी एक अंडं बघायला मिळायचं आणि त्यासाठी आम्ही गणिताची शिकवणीही बुडवली असती.

आता तिखटाची गोष्ट. म्हातारी म्हणून एक कोंबडी होती, तिला आपलंच अंडं फोडून खायची चटक लागली. दोन नंबरच्या काकींचं माहेर लालबागच्या मसाल्याच्या धंद्यातलं. त्यांनी सांगितलं, रिकाम्या टरफलात लाल तिखटाचा गोळा भरून ठेवा, एकदा तोंड पोळलं की जन्मात अंड्याला चोच लावणार नाही. पटण्यासारखं होतं. बेडगी नको, संकेश्वरी हवी, म्हणून काकींनी स्वतः पूड आणून दिली. म्हातारीनं टरफल फोडलं, तिखट खाल्लं, चोच फरशीला पुसली आणि आणखी आहे का म्हणून बघत उभी राहिली. काकींना हा घराण्याचा अपमान वाटला आणि पूड जुनी असावी असं त्या बरेच दिवस म्हणत होत्या.

पूड चांगली होती. मिरचीतला तिखट पदार्थ ज्या ग्राहकाला चिकटून आपल्याला भाजल्यासारखं वाटतं, तो पक्ष्यांमध्ये वेगळ्या घडणीचा असतो आणि त्याला तिखट लागतच नाही. हे डेव्हिड ज्युलियस यांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या प्रयोगशाळेनं २००२ मध्ये दाखवलं ते कोंबडीचाच ग्राहक घेऊन. त्याच विषयातल्या कामासाठी त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं. मिरचीचाही यात फायदा आहे. उंदीर-घुशींनी बी चावून वाया घालवण्यापेक्षा पक्ष्यांनी ते गिळून लांब नेऊन टाकलेलं तिला बरं. मे महिन्यात गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या की आमच्या कोंबड्या जिना चढून वर का जायच्या, हेही त्यातच आलं.

म्हातारीची चटक सुटली ती तिसऱ्यांच्या शिंपल्यांनी. रविवारी कुणाच्या ना कुणाच्या घरी तिसऱ्या व्हायच्याच. शिंपल्या भाजून, खलबत्त्यात कुटून आजी दाण्यात मिसळायची. चुना पोटात गेला की टरफल जाड होतं, अंडं सहज फुटत नाही आणि कोंबडीला टरफलाची भूकही राहत नाही. शिंपल्या सगळ्या खोल्यांतून गोळा व्हायच्या आणि ज्यांनी दिल्या त्यांना आपलाही कोंबड्यांत वाटा आहे असं वाटू लागायचं, हा त्यातला दुसरा लाभ.

आजारपणात मात्र आजी घरगुती औषधांवर थांबत नसे. परळचं बैलघोडा हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर. पाटीवर नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांचं, पण गिरणगावात ते कुणी घेत नाही. शेजारीच १८८६ पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय. एकदा पांढरीची गळ्याखालची पिशवी दगडासारखी फुगली तेव्हा आजी तिला पदराखाली घेऊन तिथल्या रांगेत बसली, एका बाजूला अल्सेशियन, दुसऱ्या बाजूला बकरी. पांढरी बरी झाली. अल्सेशियनच्या मालकानं विचारलं होतं, एवढ्यात नवीन कोंबडी नसती का आली? आजी म्हणाली, "तुमचो कुत्रो बदलतल्यास?"

याच आजीपुढे कोंबड्याचा प्रश्न दरवर्षी उभा राहायचा. कोंबड्याचं वर्ष माणसापेक्षा अवघड असतं. आषाढ अमावस्येची गटारी टळली की श्रावण निर्धास्त, पण गौरी येतात आणि आमच्याकडे गौरीला तिखटाचा नैवेद्य. घरच्या कोंबड्यावर सुरी कोण चालवणार? एका वर्षी तोड निघाली. समोरच्या चाळीतल्या एका बाईंचीही तीच अडचण होती. त्यांचा कोंबडा आमच्याकडे, आमचा त्यांच्याकडे. आपला आपल्याला कापायला नको. गौरीच्या चार दिवस आधी अदलाबदल झाली. समोरचा कोंबडा तांबूस, जरा लंगडा. पहिल्या दिवशी तो खुराड्याच्या कोपऱ्यात बसून राहिला. दुसऱ्या दिवशी आजीनं त्याला ताकातला भात दिला. तिसऱ्या दिवशी तो तिच्या मागून स्वयंपाकघरापर्यंत आला, आणि चौथ्या दिवशी आजीनं वडिलांना बाजारात पाठवलं. समोरच्या बाईंचे यजमान तिथं आधीच रांगेत उभे होते.

परत अदलाबदल करायला दोघींनाही जमलं नाही. आमचा कोंबडा तिकडून आरवायचा, तांबूस इकडून उत्तर द्यायचा, आणि सात नंबरच्या मामांची अंडी आठवड्याला दोनाची तीन झाली.