पंधरा सेकंदांचे काका

सिडकोतल्या एखाद्या गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून शेजारच्या शेवग्यापर्यंत वीसेक मीटर तार ताणलेली दिसली, की खाली हॅमकाका, म्हणजे हौशी रेडिओवाले काका, राहतात असं खुशाल समजावं. ४० मीटरच्या बँडला अर्ध्या तरंगाएवढी तार लागते, हा त्यांचा हिशेब. चादरी वाळवायला एवढी लांब दोरी दुसरी नाही, हा शेजारणींचा.

काका निवृत्त. जवळ दिल्लीहून आलेला परवाना, वीयूने सुरू होणारी कॉलसाइन, आणि पत्ता विचाराल तर 'एमके ७९'. शहराचं नाव काहीही ठेवा, जगाच्या नकाशावरची हॅमवाल्यांची ही चौकट बदलत नाही.

जुने हॅम कानांचे. मोर्स ऐकून त्यांना झोप लागायची. आमचे काका डोळ्यांचे. संगणकावर निळा पडदा. आडवी फ्रिक्वेन्सी, वरून खाली ओघळत जाणारा काळ. दणकट स्टेशन पिवळं, अशक्त स्टेशन म्हणजे फिकट रेघ. दिवसा लहरी गिळणारा वातावरणातला थर सूर्यास्तानंतर विरतो आणि पडदा रेघांनी भरतो. तेव्हा काका जेवायला उठत नाहीत. सूर्यावरचे डाग पाहून बँड कधी उघडेल ते सांगतात. नळाला पाणी कधी येणार, ते मात्र त्यांना काकू सांगतात.

त्यातून २०१७ साली एफटी-८ ही संगणकी संदेशपद्धत आली. ती बनवणाऱ्यांत जो टेलर, भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले. पंधरा सेकंद तुमचे, पंधरा माझे, आणि बोलणार संगणक: कॉलसाइन, चौकट, सिग्नल किती डेसिबल, शेवटी '७३' म्हणजे नमस्कार. झाली भेट.

"ब्राझीलवाला कसा काय आहे?"

"उणे अठरा."

आणखी काय विचारायचं असतं, हे त्यांना खरोखर कळत नाही.

तार काढा असं कुणी म्हटलं, की काका डिसेंबर २००४ काढतात. सुनामीत अंदमानचा संपर्क तुटला तेव्हा पोर्ट ब्लेअरहून भारती प्रसाद यांनी हॅम रेडिओवरच निरोप पोचवले होते. यावर बोलणार काय? चादरी मुकाट्याने सरकतात.

पण काकांचा खरा व्यासंग ब्राझील नव्हे, गल्ली. स्वस्त एलईडी, चार्जर, इन्व्हर्टर, सगळ्यांची खरखर त्या पडद्यावर उमटते. रात्री पांढरा फराटा दिसला, की "समोर मिक्सर लागला, उद्या इडल्या." समान अंतरावर उभ्या रेघा आल्या, की काका चप्पल घालतात, पिशवीत चांगल्या कंपनीचा बल्ब टाकतात आणि दार वाजवतात.

"कामून बदलू काका? चालू आहे की चांगला!"

"तुमच्या जिन्यातल्या दिव्याने माझा जपान झाकलाय."

बल्ब फुकट बसवून मिळतो. हल्ली गल्लीत काही जण दिवा गेला की बाजारातला सगळ्यात स्वस्त आणून लावतात आणि दार उघडं ठेवून बसतात.