येळवस पर्यावरणपूरक कशी करावी

सगळे सण पर्यावरणपूरक करून झाले. गणपती शाडूचा झाला, फटाके हरित झाले, होळीला पळसफुलांचे रंग खोक्यात घालून पुण्या-बंगळूरच्या दुकानांत मांडले गेले. राहिली ती आपली येळवस. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद आणि सीमेपलीकडे लातूर-धाराशिव एवढ्या मुलखात मार्गशीर्ष अमावास्येला माणसं घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातात, आणि निसर्गाशी नातं कसं जोडावं हे अजून त्यांना कोणी शिकवलेलं नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढील सूचना.

आधी तारीख बघून घ्यावी. शहरातल्या दिनदर्शिकेवर भिस्त ठेवू नये, कारण अमावास्या चंद्राच्या सोयीने येते, आपल्या रजेच्या नाही. 2024 साली तर येळवस दोनदा आली, 11 जानेवारीला आणि पुन्हा 30 डिसेंबरला. कार्यालयात एकाच वर्षात त्याच सणाची दुसरी रजा मागताना चेहरा गंभीर ठेवावा.

मग स्थळाची पाहणी. शेतात कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून केलेली कोप दिसेल. आत चुना आणि काव लावलेले पाच दगड असतील, ते पांडव. मखर नाही, झुंबर नाही, थर्माकोलचा खांब नाही. दगड गेल्या वर्षीचेच, आणि कडबा उद्या म्हशीपुढे जाणार. मागे कचराच उरणार नसेल तर जनजागृती करायची कशावर? यावर उपाय आहे. बांधावर दोन बांबू रोवून ‘प्लास्टिक टाळा’ असा मोठा फ्लेक्स लावावा. फ्लेक्स प्लास्टिकचाच असतो, ही तांत्रिक बाब झाली. खाली साहेबांचा फोटो, त्याखाली कार्यकर्त्यांचे, जागा उरल्यास पांडवांचा. मजकूर कन्नड आणि मराठी दोन्हींत हवा, कोण वर यावर वाद झाला तर होऊ द्यावा. भाषेवरूनच 1 नोव्हेंबर 1956 ला जुना बिदर जिल्हा फुटला, उदगीर-निलंगा-अहमदपूर सीमेपलीकडे गेले, भालकी-हुमनाबाद इकडे राहिले. भज्जीची वाटणी करायचं तेवढं राहून गेलं.

भज्जी हा या सणातला सर्वांत अवघड विषय, कारण तिच्यात सुधारणेला वाव सापडत नाही. हरभऱ्याचे सोलाणे, तुरीचे दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, मेथी, कांद्याची पात, गाजर, वांगं, जे शेतात आणि बाजारात असेल ते सगळं शिजवून ताकात कालवलेल्या बेसनात घोटायचं. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर. आधुनिक पद्धतीने विचारावं, ‘आक्का, हे अन्न किती किलोमीटर प्रवास करून आलं?’ आक्का पळीनेच शेजारचं तास दाखवतील. कलबुर्गीच्या तुरीला 2019 साली भौगोलिक मानांकन मिळालं हे सांगून त्यांना धीर द्यावा. त्या ‘बरं’ म्हणतील आणि ताटात आणखी एक पळी घालतील. आपण शहरातून आणलेलं परदेशी धान्याचं पाकीट मोटारीतच राहू द्यावं. ते दिसलं तर रात्रीपर्यंत गावभर त्याचीच चर्चा होते.

आंबील रात्रीच तयार असते: ज्वारीचं पीठ, ताक, लसूण. बिंदग्यात भरून डोक्यावरून शेतात आणतात. तिला ‘प्रोबायोटिक’ म्हणावं, म्हणजे मुलं पितील.

पूजा झाली की भज्जी-आंबील पिकावर शिंपत, अर्धी कन्नड अर्धी मराठी आरोळी ठोकत सगळे शेताला फेरी मारतात. कन्नड मुलखात यालाच चरग म्हणतात. ही वेळ ड्रोन उडवण्याची. पंख्यांच्या आवाजात आरोळी बुडाली तरी चित्रफितीवर नंतर बासरी लावता येते. आंबील शिंपणाऱ्या काकांना मात्र चित्रीकरणासाठी फेरी तीनदा मारायला लावू नये. त्यांनी पहाटेपासून काही खाल्लेलं नाही.

वाहन हरभऱ्यात उभं करू नये. एवढी एकच सूचना आम्ही गांभीर्याने करत आहोत.

आता ताटल्यांचं. 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या ताटल्या-पेल्यांवर देशभर बंदी आहे, त्यामुळे दुकानदार त्या पुढच्या फळीवर ठेवत नाही, आतून काढून देतो. पाण्याच्या बाटल्यांवर ती बंदी नाही, त्या खोक्यांनी न्याव्यात. जेवणानंतर ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असं लिहून फोटो टाकावा. बाटल्या मागे कोपीत पडल्या असतील तर चौकट थोडी वर घ्यावी. शेतमालक त्या दुसऱ्या दिवशी गोळा करून पेटवतात. विल्हेवाटीची जागा त्यांना कोणी दिलेली नाही. पूर्वी त्यांना याची गरजच पडत नव्हती.

एवढं सगळं जमत नसेल तर एक जुनी पद्धत अजून चालू आहे. येळवसेला नुसतं या. ओळख नसली तरी चालेल, रस्त्याने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. ताटल्या आणि बाटल्या आणू नका, बांधावर पळस आहे आणि घागरीत पाणी आहे.