मार्चअखेरचे वाचक

बँकेतून फुकट मिळालेली डायरी दुधाच्या हिशेबाला लावणारी माणसं घरोघर असतात. तीच डायरी वाचलेल्या पुस्तकांना लावणारे गृहस्थ मात्र चार-पाच सोसायट्यांत मिळून एखादेच. बहुधा निवृत्त, बहुधा हिशेब खात्यातले. अनुक्रमांक, पुस्तकाचे नाव, लेखक, पृष्ठे, आरंभ, समाप्ती, शेरा असे रकाने लाल शाईनं आखलेले. वाचनाचं वर्ष सुरू होतं ते 1 एप्रिलला. "31 मार्चला खातं बंद करायची सवय हो," एवढाच खुलासा.

त्यामुळे त्यांची आवड महिन्यावर ठरते. एप्रिलात ते बिनधास्त नेमाड्यांची 'हिंदू' उचलतात. सहाशे पानांच्या घरातला ऐवज, पण वर्ष अजून कोवळं असतं. मार्चचा तिसरा आठवडा उजाडला, की त्यांना विश्राम बेडेकरांविषयी विलक्षण आदर वाटू लागतो. 1939 साली आलेली 'रणांगण' इतरांना तिच्या आशयामुळे मोठी वाटते. यांच्या लेखी तिचा सारा थोरपणा पातळपणात. ग्रंथालयातल्या बाई तर या दिवसांत कवितासंग्रहांच्या कपाटाला कुलूपच लावत नाहीत.

खरी बहार आहे ती शेवटच्या पानावरच्या नियमांत. अर्धवट सोडलेलं पुस्तक 'येणे बाकी'त. दुसऱ्यांदा वाचलं तर नवा क्रमांक, पण मधे पाच वर्षं गेलेली हवीत. 'नटसम्राट' रंगमंचावर पाहिलं असेल तर पुस्तक अर्धंच धरायचं, कारण निम्मं काम नटांनी केलेलं असतं. सगळ्यात किचकट खटला दिवाळी अंकांचा. का. र. मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून मराठी माणसाची सोय केली, पण अंकाला पुस्तक म्हणायचं की नाही याचा निकाल काही लावून ठेवला नाही. तो आमच्या गृहस्थांनी लावला: जाहिराती वजा जाता दोनशे पानं भरली तर एक पुस्तक, नाहीतर दोन अंक मिळून एक. राशिभविष्य वाचलं तरी मोजायचं नाही. (या एका कलमापुढे मी मनापासून हात जोडतो.)

शेऱ्याच्या रकान्यात 'बरे', 'ठीक', 'छपाई सुबक' यापलीकडे फारसं काही नसतं. अपवाद एकच. 'श्यामची आई'समोर 'पाणी आले' अशी नोंद आहे. ते डोळ्यांत की नळाला, यावर घरात अजून एकमत नाही.

बायको रोज दुपारी वाचते आणि कुठेच काही लिहीत नाही. वहीत रीतसर समाप्ती पडलेल्या कादंबरीत शेवटी झालं काय, हे विचारायचं असेल तर तिलाच विचारावं लागतं. हे मात्र स्वयंपाकघराकडे बघून विचारतात, "ती नायिका परत येते का गं?"

तरीही त्यांना फार हसू नका. वहीत आणखी एक रकाना आहे, 'कोणास दिले'. सात वर्षांपूर्वी दोन दिवसांच्या बोलीवर तुम्ही नेलेलं पुस्तक तिथे तारखेसकट नोंदलेलं आहे. तेव्हा मार्चच्या आत ते परत करा. नाहीतर तुमचं नाव बुडीत खात्यात जाईल.