बाकी सगळं ओरिजिनल

डॅटसन २४०झी १९७० चं मॉडेल म्हणून अमेरिकेत मिळू लागली, ती साधारण साडेतीन हजार डॉलरला. खाली साडेचार इंच रुंदीच्या पत्र्याच्या रिम आणि १७५ मिलिमीटर रुंदीचे १४ इंची टायर. त्यांवर ती झकास वळायची. पण आजच्या मालकाचं झकासवर भागत नाही, त्याला २२५ च लागतात.

मग जपानहून आठ आऱ्यांच्या रिम येतात, आणि तिथून खरी करमणूक. मागचा टायर आतल्या अंगाला स्ट्रटवरच्या स्प्रिंगच्या बैठकीला घासतो. ऑफसेट बदलून चाक बाहेर काढावं, तर मडगार्डची कड टायर सोलते. कड आत दुमडली की रंग तडकतो, रंगाखाली पन्नास वर्षांचा गंज सापडतो. गंजाला हात घालायची छाती नसेल त्याने स्प्रिंगची बैठकच बदलावी, म्हणजे कॉइलओव्हर बसवावेत. चार बोटं रबरासाठी निम्मी गाडी बदलते आणि मालक चारचौघांत छातीठोकपणे सांगतो, ‘‘बाकी सगळं ओरिजिनल आहे हं!’’

या गाडीला पॉवर स्टीअरिंग नव्हतंच. त्यात आता हे रुंद टायर, त्यामुळे पार्किंगमध्ये दंड-बैठका फुकट.

वर २२५/५० चा १५ इंची टायर मूळ टायरपेक्षा उंचीला जेमतेम तीन सेंटिमीटर कमी भरतो. म्हणजे काटा ७० मैल दाखवतो तेव्हा गाडी ६७ च्या आसपास धावत असते. एवढा पैसा ओतून वेग वाढला नाही असं कोण म्हणतो? काट्याला विचारा की!